दोघंच जायचं ठरलं होतं

आमच्यात दोघांनी फिरायला जायची पद्धत नाही. देवाला जायचं तर तीन गाड्या, हळदीला जायचं तर टेम्पो, आणि दवाखान्यात जायचं झालं तरी पेशंटबरोबर सहा जण असतातच. त्यातले दोघं डॉक्टरला प्रश्न विचारतात, चौघं खाली चहा पितात. घणसोली गावातलं आमचं घर चार भावांचं. एकावर एक चार मजले, प्रत्येकाला एक, पण स्वयंपाक सगळ्यांचा खाली, थोरल्या जाऊबाईंकडे. आमचे हे तिसरे. लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात एकटी कुठे बसले असेन तर ती न्हाणीघरात, आणि तिथंही कोणीतरी कडी वाजवायचंच.

ही तक्रार नाही हं. शाळेत शिकवायचे तेव्हा स्टाफरूममध्ये बाकीच्या बाया सासरच्या नावानं बोटं मोडायच्या आणि मी गप्प बसून डबा खायचे, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. माझा डबासुद्धा धाकट्या जावेनं भरलेला असायचा. पण मी रिटायर झाले, मुलाचं लग्न झालं आणि आमच्या मजल्यावर सून आली. ती पोर नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर गच्चीवर जायची, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं. ओले कपडे नसले तर वाळलेलेच घेऊन जायची. ते बघून मला हसू आलं आणि नंतर कसंतरीच झालं. कपड्यांचं तेच निमित्त करायचे मीसुद्धा, फरक एवढाच की माझ्यामागोमाग कोणी गच्चीवर यायचं नाही.

पनवेलजवळ करंजाड्याला आमचा एक फ्लॅट आहे. भाडेकरू सोडून गेले होते, रिकामा पडला होता. मी ह्यांना म्हटलं की मजला पोरांना देऊ आणि आपण तिकडे राहायला जाऊ. हे भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले.

"दोघंच?" म्हणाले. "दोघंच काय करनार?"

मला असा राग आला म्हणून सांगू. मी दोन दिवस बोललेच नाही. त्या घरात एक माणूस बोलेनासं झालं तरी आवाज काही कमी होत नाही, त्यामुळे माझा अबोला फुकट गेला. मग मीच अट घातली. चार दिवस गाडी काढून फिरू. जाताना समुद्राकडून, येताना घाटातून. तिसरं माणूस बरोबर नको. चार दिवस एकमेकांबरोबर जमलं तर करंजाडे, नाही जमलं तर मी मरेपर्यंत तो विषय काढणार नाही. हे जरा विचार करून बरं म्हणाले. मला वाटलं, ह्यांना खात्रीच आहे की जमणार नाही.

आता घरात सांगायचं कसं? बायकोला घेऊन फिरायला चाललो, असं साठीच्या माणसानं थोरल्या भावाला कोणत्या तोंडानं सांगायचं! हे खाली गेले आणि पुटपुटले की जरा बाहेर जाऊन येतो, चार दिवस, काम हाय. कसलं काम ते सांगितलं नाही. धाकटे दीर म्हणाले, मागची सीट रिकामी हाय तर आमीपन येतो. हे नको म्हणाले. आमच्या घरात नको हा शब्द जेवताना वाढणाऱ्यालाच काय तो म्हणतात. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. थोरल्या जाऊबाईंनी पहाटे उठून तांदळाच्या पंधरा भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. दोघांना पंधरा. त्यांच्या हाताला यापेक्षा लहान माप माहीतच नाही.

थंडीचे दिवस होते, हवा छान होती. मी सवयीनं मागचं दार उघडून मागे बसले. खरंच सांगते, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, आणि ह्यांच्याही नाही. आमच्या गाडीत पुढची सीट थोरल्या दिरांची. ते नसले तर दुसऱ्या दिरांची, ते नसले तर जावयाची. बायका मागे, पोरं बायकांच्या मांडीवर. तर अशी मी रिकाम्या गाडीत मागे, खिडकीला चिकटून बसलेली, शेजारी भाकऱ्यांची पिशवी. पामबीच संपला, उरण फाटा गेला. पनवेलच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरच्या माणसानं ह्यांना सांगितलं, ड्रायव्हरकाका, मॅडमना विचारा बिल पायजे का.

हे लाल झाले. गाडी पंपाच्या बाहेर काढून बाजूला लावली आणि पुढे बघतच म्हणाले, पुढं ये आता. मी हसून हसून बेजार झाले होते, मला दारच उघडेना. पुढे येऊन बसले तर काच एवढी मोठी, रस्ता एवढा जवळ! चौतीस वर्षांत आपला नवरा गाडी चालवताना कसा दिसतो हे मी बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. मागून फक्त मान माहीत. गिअर टाकताना हे ओठ मुडपतात. मी त्यांना तसं सांगितलं, तर पेणपर्यंत त्यांनी ओठ न मुडपता गाडी चालवायचा प्रयत्न केला.

पण त्यानंतर बोलायचं काय? अलिबाग मागे पडलं, रेवदंड्याचा पूल आला, काशिदला समुद्र अगदी रस्त्याला लागून आला. मी म्हटलं, समुद्र आला. हे म्हणाले, हं. मग बराच वेळ काहीच नाही. घरात आमचं बोलणं दुसऱ्यांच्या मार्फत चालतं. चहा झालाय सांग रे त्यांना. तिला विचार, माझा चष्मा कुठे ठेवला. मधला माणूस काढून टाकला तर वाक्य सुरूच कुठून करायचं ते आम्हा दोघांनाही कळेना. सुरूच्या झाडांखाली बसून भाकऱ्या खाल्ल्या तेव्हाही दोघं समुद्राकडे तोंड करून, एसटीची वाट बघावी तशी. मला आतून धास्ती वाटायला लागली. म्हटलं बाई, आपणच अट घातली आणि आपणच हरणार.

तेवढ्यात फोन सुरू झाले. पहिला धाकट्या जावेचा: बरी हायस ना? दुसरा सुनेचा, आई, डॉक्टर काय म्हणाले? मग नणंदेचा, आणि ती तर रडतच होती. तेव्हा उलगडा झाला. नवराबायको दोघंच, कपड्यांची बॅग घेऊन, कोणालाही बरोबर न घेता, न सांगता गेले म्हणजे काय असणार? दुखणंच असणार, आणि तेही सांगण्यासारखं नसणार. मी जीव तोडून सांगत होते की मला काही झालं नाही, आम्ही समुद्र बघतोय. जितकं सांगावं तितका त्यांचा आवाज हळवा होत गेला. शेवटी मी फोन बंद करून पिशवीत, भाकऱ्यांच्या खाली घातला.

आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलो. पलीकडे दिघी. हे कठड्याला टेकून खाडीकडे बघत होते. बघता बघता म्हणाले, भरती लागली. मी म्हटलं, छट्, ही ओहोटी. मी उरणकडच्या मिठागराच्या गावातली, मला भरती-ओहोटी शिकवायचं काम नाही. खडक वरपर्यंत ओले दिसत होते, म्हणजे पाणी उतरतंय, सरळ आहे. ह्यांचं म्हणणं, नांगरलेल्या होड्यांची तोंडं बघ, समुद्राकडं हायत, म्हणजे पानी आत येतंय. मी म्हटलं होड्यांचं काय घेऊन बसलात. ते म्हणाले मिठागरवाल्यांना पानी अडवता येतं, ओळखता येत नाय. झालं! माझ्या माहेरावर आले म्हटल्यावर मी थोडीच गप्प बसते? त्यांच्या घणसोलीच्या खाडीत चिखलाशिवाय होतं काय, असं विचारलं. मग त्यांनी मला ऐकवलं काय काय होतं ते. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या कशा हातानं पकडायच्या, चिंबोरीचं बीळ ताजं की जुनं ते कसं ओळखायचं, आणि एकदा कमरेपर्यंत रुतले तेव्हा त्यांच्या बापानं आधी मासळीची टोपली कशी बाहेर काढली आणि मग ह्यांना. ही टोपलीची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. दिघीच्या धक्क्यावर पाणी उतारावर चढत होतं ते मला स्पष्ट दिसलं, पण मी काही बोलले नाही. कशाला उगाच.

भांडणानं काम केलं. दिवेआगर, श्रीवर्धन, आम्ही भांडत भांडतच गेलो, आणि हरिहरेश्वरला एका घरगुती खानावळीच्या वरची खोली घेतली. त्या बाईंनी विचारलं, दोघंच का? ह्यांनी मान हलवून हो म्हटलं, जरा लाजूनच. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना ते माझ्या बाजूनं चालले. एरवी कसे पाच पावलं पुढे असतात. मला इतकं बरं वाटत होतं की मी ते बोलूनही दाखवलं. बरं वाटतंय हो, म्हटलं. तर म्हणाले, सुकट जास्त तिखट झाली होती काय? आता ह्या माणसाला काय म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणा केली. ओहोटीबद्दल ह्यावेळी आमचं एकमत होतं. परत आलो तर खानावळीच्या अंगणात दोन ओळखीच्या गाड्या. ओट्यावर थोरले दीर, आणि मागोमाग सगळे. दुसरे दीर, धाकटे, जावा, नातवंडं, आमचा मुलगा, सून. आदल्या रात्री थोरल्या भावानं फोनवर कुठं हायस विचारलं आणि ह्यांनी सांगून टाकलं. भावाला खोटं सांगायला ह्यांना जमत नाही, उशिरासुद्धा सांगायला जमत नाही.

थोरल्या जाऊबाई धावत आल्या आणि त्यांनी माझ्या कपाळाला, गळ्याला हात लावून बघितलं. डोळे सुजले होते त्यांचे. कार्ल्याच्या आईचा, आमच्या देवीचा, अंगारा आणला होता, तो माझ्या कपाळाला लावला. मी त्यांना मिठी मारली. खरं सांगू, मला आनंद झाला, अगदी पोटातून. मला काही झालं नाही हे पटायला अर्धा तास गेला. फिरायला आलो हे पटायला आणखी अर्धा. मग जी हसाहशी सुरू झाली! धाकटी जाऊ लोळायची बाकी राहिली. मी पदर खोचून खानावळीच्या बाईंच्या हाताखाली वाढायलासुद्धा लागले. कोणाला भात, कोणाला कालवण, आणि त्या धांदलीत अट, चार दिवस, करंजाडे, मी सगळं साफ विसरले.

थोरल्या दिरांनी तोवर सगळं ठरवलं होतं. सहा खोल्या घेतल्या, उद्या सगळे मिळून हर्णैला, मासळी बघू, परवा परत. आमच्या गाडीत पुढे ते बसणार होते. हे सगळ्यांबरोबर जेवले, पण त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

सकाळी ओट्यावर चहा चालला होता. गाड्या धुऊन पुसून तयार. हे थोरल्या भावासमोर जाऊन उभे राहिले. आपला कप त्यांनी कट्ट्यावर ठेवला.

"दादा, तुमी हर्णैला जा. आमी घाटातून जातो. दोघंच जायचं ठरलं होतं."

आमच्यात गाड्यांच्या रांगेतून एक गाडी वेगळी गेली म्हणजे भांडण झालं, त्याला दुसरा अर्थ नाही. थोरल्या दिरांनी विचारलं, कोन काय बोललं काय? हे म्हणाले, कोन काय बोललं नाय. थोरल्या दिरांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, जा मग, आणि तोंड फिरवून नातवाच्या बुटाची नाडी बांधायला बसले. मी कोणाकडे न बघता पिशवी उचलली. जाऊबाईंनी गाडीच्या खिडकीतून माझा हात दाबला.

म्हसळ्यापर्यंत मी धुमसत होते. माणगाव आल्यावर माझं तोंड सुटलं. रात्रभर डोळ्याला डोळा न लावता माणसं आपल्यासाठी आली, एक दिवस राहिलो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? दादांचं तोंड बघवत नव्हतं. लोकांत आपली काय शोभा झाली! अट माझी होती, मी सोडली असती. तुम्हाला तर नकोच होतं ना करंजाडे, मग एवढा शूरपणा कुठून आला? हे ओठ मुडपून गिअर टाकत राहिले. ताम्हिणीचा घाट सुरू झाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, वाळलेलं पिवळं गवत, आणि वळणावळणाला गार वारा आत येत होता. इतकं सुंदर, आणि मी बघायच्या मनःस्थितीत नव्हते.

एका वळणावर जागा बघून ह्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच.

"मना भीती वाटत व्हती," म्हणाले. "घरात तू सगळ्यांशी बोलतेस. जावांशी, पोरांशी, भाडेकरूंशी पन. माज्याशी कामापुरती बोलतेस. तिकडं आपन दोघंच. तू बोलली नायस तर मी कोनाशी बोलू?" मग म्हणाले, "हे दोन दिवस बोललीस. काल दुपारपासून परत बंद."

मी शाळेत इतकी वर्षं बडबड केलेली बाई. वर्गात चाळीस पोरं असोत की साठ, मला शब्द कमी पडला नाही. तिथं मला एकही सुचेना. दोघंच काय करनार असं ह्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांना भावांशिवाय करमणार नाही म्हणून विचारतायत. मी किती रागावले होते त्या वाक्यावर. तो प्रश्न माझ्याबद्दलचा होता आणि मी उत्तरच दिलं नव्हतं. मला रडू आलं, लाज न वाटता आलं. ह्यांनी खिशातला रुमाल दिला. कालचाच होता, खारट वास येत होता त्याला.

मग मी बोलले. काय बोलले ते विचाराल तर काही विशेष नाही. दिघीला भरतीच होती, हे सांगितलं. हे म्हणाले, ते मना माहीत व्हतं. पुढे मुळशीच्या धरणाच्या कडेनं गाडी चालली होती, पाणी निळं, पलीकडे डोंगरांच्या रांगा. मी सुनेची आणि वाळलेल्या कपड्यांची गोष्ट सांगितली. मीही नवी होते तेव्हा गच्चीवर तशीच जायचे आणि तुमची वाट बघायचे, हेही सांगितलं. हे चकित झाले. म्हणाले, कोन म्हनतं मी आलो नाय? एकदा जिन्यापर्यंत आलो व्हतो, वर आयेचा आवाज आला म्हनून माघारी गेलो. आम्ही दोघंही त्यावर हसलो, नको तितकं. पौडच्या अलीकडे थोरल्या दिरांचा फोन आला. स्पीकरवर घेतला. हर्णैला सुरमई चांगली मिळाली, तुमची बाजूला काढून ठेवतो, असं सांगितलं आणि गाडी सावकाश चालवायची ताकीद दिली. बाकी काही नाही. ह्यांनी हो दादा म्हटलं आणि त्यांचे खांदे खाली आले.

ती रात्र लोणावळ्याला काढली. दुसऱ्या दिवशी कार्ल्याला आईच्या पायऱ्या चढलो, पालखी नाही, बेंजो नाही, दोघंच. देवीपुढे मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तिनं काही मनावर घेतलं असेल असं वाटत नाही. घाट उतरून पनवेलला आलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. घणसोलीला जायचं तर सरळ. ह्यांनी मला न विचारता करंजाड्याकडे गाडी वळवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

फ्लॅटची चावी सोसायटीच्या वॉचमनकडे होती. आत धूळ, बाल्कनीत कबुतरांनी घाण केलेली, हॉलमध्ये भाडेकरूंनी सोडलेलं एक कॅलेंडर. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडला. आधी नुसता फुसफुसला, मग गढूळ पाणी आलं, मग हळूहळू स्वच्छ. हे आतल्या खोलीत गेले होते. त्यांच्या चपलांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येत होता. आणि आतून त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, पलंग खिडकीपाशी ठेवायचा की भिंतीला?

नावानं हाक मारली. आमच्यात मोठ्यांसमोर बायकोचं नाव घेत नाहीत, आणि आमच्या घरात कोणी मोठं समोर नाही अशी वेळच कधी आली नाही. अगो, ऐकतेस काय, नंतर पोराची आय. माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं ते बँकेत, रेशनच्या खिडकीवर, दवाखान्यात, दुसऱ्याला सांगताना. मला हाक म्हणून कधीच नाही.

मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले. वाटलं, ऐकू आलं नाही असं समजून परत एकदा घेतील.

घेतलं. मग मी ओ दिली.